संस्थांना अनुदान हवं की काम? शहराच्या प्रशासनाने नेमकं काय करावं

ओसरी:

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसलेच. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी चौदा वर्षं एका ना-नफा संस्थेत होते. मानसिक आजारातून सावरणाऱ्या माणसांसोबत आमचं काम. औषधं लागू पडली, झोप परत आली, घरचे बोलू लागले, की पुढचा प्रश्न ठरलेला असायचा: आता दिवसभर करू काय? नोकरी मागायला गेलं की "मधली चार-पाच वर्षं काय करत होतात?" या प्रश्नावर सगळं अडायचं. म्हणून संस्थेनेच धुलाई केंद्र काढलं. वसतिगृहांच्या, दवाखान्यांच्या चादरी, अभ्रे, पडदे धुऊन, वाळवून, घड्या घालून पोचवायचे. देणगीतून दोन यंत्रं घेतली, नऊ माणसांना रोजचं काम मिळालं. पहिला पगार हातात घेऊन एक बाई म्हणाल्या, "आता माझी औषधं मीच विकत घेईन." ते वाक्य मी विसरलेले नाही.

तिसऱ्या वर्षी शहराच्या प्रशासनाचं काम मिळालं. आम्ही कर्ज काढून तिसरं यंत्र घेतलं, माणसं सोळा केली. चादरी वेळेवर जात होत्या, तक्रार एकही नव्हती. बिल मात्र आठ महिन्यांनी निघालं. तोवर साबण उधार, वीजबिल थकलेलं, आणि पगारासाठी विश्वस्तांनी आपापल्या खिशातून पैसे घातलेले. शेवटी सोळाची पुन्हा नऊ माणसं करावी लागली. त्या सात जणांना मी स्वतः घरी जाऊन सांगितलं. त्यातले दोघं पुढच्या दोन महिन्यांत परत आजारी पडले.

त्याच वर्षी त्याच प्रशासनाच्या दुसऱ्या विभागाने आम्हाला "संस्थांसाठी उद्योजकता" अशा प्रशिक्षणाचं अनुदान मंजूर केलं. कमवायला शिका म्हणून पैसे मिळत होते, आणि कमावलेले पैसे वरच्या मजल्यावर सहीसाठी पडून होते.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे. शहराला सामाजिक उद्योगांसाठी, म्हणजे आमच्या धुलाई केंद्रासारख्या, माणसं उभी करण्यासाठी चालवलेल्या व्यवसायांसाठी, काही करायचं असेल तर त्याने आधी चांगलं गिऱ्हाईक व्हावं. प्रशिक्षणं, स्पर्धा, पुरस्कार हे सगळं त्यानंतर. शहर रोज काही ना काही विकत घेतं: बागांची निगा, इमारतींची सफाई, गणवेशांची शिलाई, बाकांची दुरुस्ती, छपाई, जेवण. यातलं थोडं जरी संस्थांकडे आलं आणि त्याचे पैसे वेळेवर मिळाले, तरी कुठल्याही अनुदानापेक्षा जास्त माणसं उभी राहतील.

तुमचे अनुभव लिहा. विरोधी मत असेल तर तेही जरूर.

कुतूहल:

मनापासून लिहिलं आहे तुम्ही. एक प्राथमिक शंका. संस्था ना-नफा असेल तर तिने व्यवसाय करणं, त्यातून पैसा कमावणं बसतं का? आणि नफा झाला तर ती ना-नफा कशी राहिली?

हिशेबनीस:

@कुतूहल, शंका रास्त आहे. "ना-नफा" याचा अर्थ वर्षाअखेर शिल्लक उरू नये असा नाही. उरलेली शिल्लक कोणी वाटून घ्यायची नाही, ती पुन्हा कामातच लावायची, एवढाच त्याचा अर्थ. मी पंचवीसेक संस्थांचे हिशेब तपासले आहेत. ज्या संस्थेकडे शिल्लक नसते ती जास्त सेवाभावी असते असं मला कधी दिसलं नाही. ती फक्त जास्त घाबरलेली असते.

यावर वेगवेगळ्या देशांनी वेगवेगळी उत्तरं काढली आहेत. ब्रिटनमध्ये २००५ पासून "कम्युनिटी इंटरेस्ट कंपनी" नावाचा प्रकार आहे. ही कंपनी व्यवसाय करू शकते, पण तिची मालमत्ता समाजाच्या कामालाच बांधलेली असते. कंपनी बंद झाली तरी ती मालमत्ता कोणा एकाच्या घरात जात नाही. अमेरिकेत हा प्रश्न वेगळ्याच वाटेने आला. १९४७ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाच्या विधी शाळेसाठी म्यूलर ही मॅकरोनी बनवणारी कंपनी घेण्यात आली, आणि शिक्षणसंस्थेसाठी म्हणून तिचा नफा करमुक्त ठरू लागला. बाकीच्या मॅकरोनीवाल्यांनी काय करायचं, असा गदारोळ झाला आणि १९५० मध्ये कायदा बदलला: मूळ उद्दिष्टाशी संबंध नसलेल्या व्यवसायाच्या उत्पन्नावर कर. म्हणजे संस्थेने व्यवसाय करायला हरकत नाही, फक्त करमाफी हवी असेल तर तो तिच्या कामाशी जोडलेला हवा. ओसरीताईंचं धुलाई केंद्र तसंच आहे. तिथे चादर धुणं हाच उपचाराचा पुढचा टप्पा आहे.

आता माझ्या टेबलावरून दिसणारी गोष्ट सांगते. शहरांच्या अनुदानपत्रात एक अट जवळपास नेहमी असते: वर्षाअखेर न वापरलेली रक्कम परत करावी. म्हणजे काटकसर केली की पैसे जातात आणि मार्चमध्ये घाईने खर्च केले की "पूर्ण विनियोग" असा शेरा मिळतो. वर प्रशासकीय खर्चाला अगदी तुटपुंजी मर्यादा. हिशेब ठेवणारा माणूस, बाजारात फिरून गिऱ्हाईक आणणारा माणूस, यंत्राची झीज, हे सगळं त्यांना "अवांतर" वाटतं. ज्या संस्थेला साठवायचीच मुभा नाही तिच्याकडे खेळतं भांडवल येणार कुठून? आणि खेळत्या भांडवलाशिवाय उद्योग कसा चालणार? ही एक अट बदलायला शहराला काहीही जादा खर्च नाही. उरलेल्या रकमेचा ठरावीक हिस्सा संस्थेच्या राखीव निधीत ठेवता येईल, एवढं एक वाक्य अनुदानपत्रात घालायचं आहे.

पायवाट:

धाग्यातली कळकळ पोचली, पण मला दोन गोष्टी खुपतात आणि त्या स्पष्ट लिहितो.

पहिली. सफाई, बागा, वृद्धांची देखभाल ही शहराचीच जबाबदारी. ती कायम कर्मचाऱ्यांकडून काढून कमी पगारातल्या "सामाजिक" माणसांकडे द्यायची आणि त्याला सुंदर नाव द्यायचं, हे मी पाहिलेलं आहे. संस्थेच्या माणसाला कायम कर्मचाऱ्याच्या निम्मा पगार मिळत असेल तर त्यात सामाजिक काय?

दुसरी. व्यवसाय सुरू झाला की संस्थेचं चित्त बदलतं. मागणी आली, माल वेळेवर द्यायचा आहे, मग जो भरभर काम करतो त्यालाच बसवलं जातं. ज्याच्यासाठी संस्था काढली तो माणूस मागे राहतो.

ओसरी:

@पायवाट, तुमच्या दुसऱ्या मुद्द्याला आधी उत्तर देते, कारण तो आमच्याकडे घडला आहे आणि तो माझ्या निर्णयाने घडला आहे.

शहराचं काम आल्यावर आठवड्यातून तीन दिवस गाडी यायची. दुपारी दोनच्या आत गठ्ठे तयार लागायचे. त्या तीन दिवशी मी चटपटीत माणसं यंत्रावर ठेवायला लागले. ज्यांचे हात गोळ्यांमुळे थरथरतात, ज्यांना दर अर्ध्या तासाने बाहेर जाऊन बसावं लागतं, त्यांना "तुम्ही उद्या या" म्हणायला लागले. एका मुलाने विचारलं, "ताई, मी उद्याचाच का?" त्या दिवशी माझे डोळे उघडले.

दोष कोणाचा, यावर मी खूप विचार केला आहे. आमचा दर प्रति चादर होता. बाजारातल्या मोठ्या धुलाई कंपनीलाही तोच दर. पण आमच्याकडे एक माणूस सतत सोबत लागतो, काम शिकवणारा, कोणाचा दिवस वाईट जातोय हे ओळखणारा. त्याचा पगार चादरीच्या दरात कुठेच नव्हता, म्हणून तो आम्ही माणसांच्या वेगातून वसूल करत होतो. आता मी म्हणेन की करारात दोन वेगळे रकाने हवेत. एक चादरीचा, बाजारभावाने. दुसरा सोबत करणाऱ्या माणसाचा, आणि तो शहराच्या आरोग्य किंवा समाजकल्याणाच्या तरतुदीतून. दोन्ही एकत्र कालवले की संस्था एकतर महाग दिसते किंवा क्रूर होते.

पहिल्या मुद्द्यावर मी तुमच्याशी सहमत आहे. पगाराची किमान पातळी करारातच लिहिलेली हवी, आणि कायम कर्मचाऱ्यांचं चालू असलेलं काम काढून संस्थेला देऊ नये. आमचं काम आधी एका खासगी ठेकेदाराकडे होतं, कर्मचाऱ्यांकडे नव्हतं.

निविदावाचक:

हा धागा वाचून राहवलं नाही. मी शहराच्या खरेदी विभागात २२ वर्षं काढली, आता निवृत्त आहे. वरच्या मजल्यावर सहीसाठी पडलेल्या बिलांच्या बाजूला मी बसलेलो आहे, म्हणून त्या बाजूने लिहितो. समर्थन म्हणून लिहीत नाही. कुलूप कुठे आहे ते दाखवण्यासाठी लिहितो.

खरेदी करणाऱ्या अधिकाऱ्याला आयुष्यभर एकच प्रश्न विचारला जातो: सर्वात कमी दर का स्वीकारला नाही? त्या खरेदीतून किती जणांना काम मिळालं, हे लेखापरीक्षणात मला एकदाही विचारलं गेलं नाही. जास्त दराच्या संस्थेला काम दिलं तर सगळा धोका सही करणाऱ्याचा, आणि त्यातून काही चांगलं घडलं तर त्याची नोंद त्याच्या कामात होत नाही. छोट्या संस्थांना झेपावं म्हणून मोठं काम तुकड्यांत विभागलं तर "निविदेची मर्यादा चुकवण्यासाठी विभागणी केली" असा आक्षेप येऊ शकतो. म्हणून सहानुभूती असलेला अधिकारीही शेवटी एकच मोठी निविदा काढतो. त्यात गेल्या तीन वर्षांची उलाढाल, तशाच कामाचा अनुभव, बयाणा रक्कम, बँक हमी. यातली एकही अट चादर स्वच्छ धुतली जाईल का, हे तपासत नाही. ठेकेदार मोठा आहे का, एवढंच ती तपासते.

म्हणून "अधिकाऱ्यांनी संवेदनशील व्हावं" या आवाहनातून फारसं काही निघत नाही. सही करणाऱ्याला नियमाचं पाठबळ लागतं. जिथे हे जमलं आहे तिथे आधी नियम झाला आहे.

इटलीने १९९१ मध्ये कायदा क्रमांक ३८१ केला. त्यात सामाजिक सहकारी संस्थांचे दोन प्रकार आहेत. "अ" प्रकार देखभालीच्या सेवा देतो. "ब" प्रकार कुठलाही व्यवसाय करू शकतो, पण त्यातले किमान ३० टक्के कामगार वंचित गटातले हवेत: अपंग, मानसिक आजारातून आलेले, व्यसनातून बाहेर पडणारे, तुरुंगातून सुटणारे. या कामगारांच्या सामाजिक विम्याचा हप्ता माफ होतो. ओसरीताई ज्या दुसऱ्या रकान्याबद्दल बोलल्या, त्याचं हे एक रूप आहे. शिवाय ठरावीक रकमेच्या आतलं काम नगरपालिका अशा संस्थांशी थेट करार करून देऊ शकते. म्हणून तिथे बागा आणि सफाई "ब" प्रकाराकडे गेलेली दिसते. पुढे युरोपीय संघाच्या २०१४ च्या खरेदी निर्देशाने हाच ३० टक्क्यांचा धागा उचलला आणि राखीव निविदा काढायला सगळ्या सदस्य देशांत वाट करून दिली. त्याच निर्देशात आणखी एक कलम आहे जे मला फार शहाणपणाचं वाटतं: काम तुकड्यांत विभागलं नाही तर का विभागलं नाही, याचं कारण प्रशासनाने लिहून ठेवायचं. माझ्या काळात कारण विभागणाऱ्याला द्यावं लागत असे. इथे ते न विभागणाऱ्याला द्यावं लागतं.

ब्रिटनचा २०१२ चा सोशल व्हॅल्यू कायदा बराच गाजला, पण खरेदीतून समाजाचं काय भलं होईल याचा तो फक्त "विचार करा" म्हणतो. विचार केला अशी टिपणी फाइलला लावायला दोन मिनिटं लागतात, हे मी अनुभवाने सांगतो. निविदेच्या गुणांकनात ठरावीक टक्के गुण सामाजिक परिणामाला असले, तरच फरक पडतो. तिथल्या केंद्र सरकारने २०२१ पासून आपल्या मोठ्या करारांत किमान १० टक्के वजन त्याला दिलं, ते याचसाठी.

कुतूहल:

@निविदावाचक, हे सगळं बाहेरच्या माणसाला कधी कळतच नाही. खूप आभार. पण राखीव काम म्हटलं की नावापुरत्या संस्था उभ्या राहतील, नाही का?

निविदावाचक:

राहतील. म्हणून ३० टक्के ही अट हजेरीपटावर तपासायची, घटनेतल्या उद्दिष्टांवर नाही. उद्दिष्टं कोणीही सुंदर लिहितं. पगार कोणाच्या खात्यात गेला, किती महिने गेला, तो माणूस वर्षानंतरही तिथे आहे का किंवा पुढे दुसरीकडे कामाला लागला का, हे बघायचं. आणि वर्षातून एकदा, न सांगता, जाऊन यायचं. एवढं पुरेसं आहे. चाळीस पानी प्रगती अहवाल मागू नये. तो लिहायला संस्था आणखी एक माणूस ठेवते आणि वाचायला आपल्याकडे कोणी नसतो.

माळरान:

खरेदीच्या पलीकडचा एक प्रकार मांडतो. कधीकधी संस्था किंवा संघटना शहराचं काम आधीपासूनच करत असतात, फक्त शहर त्याचे पैसे देत नसतं.

कोलंबियाची राजधानी बोगोटा. तिथे हजारो कचरावेचक रस्त्यावरून कागद, काच, धातू वेगळा काढून विकायचे. शहर खासगी कंपन्यांना कचरा वाहून नेण्याचे, टनाच्या हिशेबाने, पैसे द्यायचं. कचरावेचक जो माल वाटेतच वेगळा काढायचे, तो वाहायचा आणि पुरायचा खर्च शहराचा वाचायचा, पण त्यांना मिळायचा फक्त भंगाराचा भाव. शिवाय नव्या निविदांमध्ये त्यांना शिरकावच नव्हता. त्यांच्या संघटना न्यायालयात गेल्या. २००३ मध्ये आणि पुन्हा २०११ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला, आणि २०१३ पासून शहराने त्यांना गोळा केलेल्या मालाच्या वजनाप्रमाणे सेवेचे पैसे द्यायला सुरुवात केली. भंगाराचा भाव वेगळा आणि हे वेगळे.

यात मला भावतं ते असं, की त्यांना कोणी "उद्योजक" बनवलं नाही. ते होतेच. शहराने वजनकाटा लावला, नोंद ठेवली आणि जे काम होत होतं त्याला काम म्हटलं. प्रत्येक शहराने आधी एकदा स्वतःला विचारावं की आपलं कोणतं काम कोणी फुकट करतंय.

पायवाट:

@माळरान, हे आवडलं. आणि ओसरीताई, तुम्ही "उद्याचाच का" हे इतकं सरळ लिहिलंत त्याबद्दल आदर वाटला.

तरी एक भीती उरते. शहराचा पाठिंबा माणसावर अवलंबून असतो. सेऊलचं बघा. दक्षिण कोरियात २००७ पासून सामाजिक उद्योगांसाठी स्वतंत्र कायदा आहे. २०११ मध्ये पार्क वोन-सून महापौर झाले, ते स्वतः नागरी चळवळीतून आलेले. त्यांच्या काळात सेऊलने सामाजिक अर्थव्यवस्थेसाठी, म्हणजे सहकारी संस्था आणि सामाजिक उद्योगांसाठी, केंद्र काढलं, खरेदी वाढवली, २०१३ मध्ये जगभरातल्या शहरांचा मंच तिथे भरवला. २०२१ मध्ये दुसरे महापौर आले, त्यांची दिशा वेगळी होती, आणि पाठबळ आटत गेलं. ज्या संस्थांचा सगळा डोलारा शहरावर उभा होता त्यांनी काय करायचं?

हिशेबनीस:

@पायवाट, यावर माझा एक साधा नियम आहे, तो मी संस्थांना सांगते: एका गिऱ्हाइकाकडून निम्म्याहून जास्त उत्पन्न येऊ देऊ नका, मग ते गिऱ्हाईक कितीही प्रेमळ असो. पण हे फक्त संस्थेने सांभाळून चालत नाही. शहराने पहिल्या करारातच "तिसऱ्या वर्षापर्यंत बाहेरची गिऱ्हाइकं इतकी" असं उद्दिष्ट संस्थेबरोबर बसून ठरवावं आणि ती गिऱ्हाइकं मिळवायला मदत करावी. शहराचं एक पत्र, "यांनी आमचं काम दोन वर्षं वेळेवर केलं", याचं मोल फार असतं. ते पत्र मागितलं तर मिळायला किती दिवस लागतात ते इथल्या कित्येकांना माहीत असेल.

ओसरीताईंच्या धुलाई केंद्रावरून अमेरिकेतलं क्लीव्हलँड आठवलं. तिथे २००९ मध्ये एव्हरग्रीन नावाने कामगारांच्याच मालकीची धुलाई सुरू झाली, गरीब वस्त्यांतल्या लोकांसाठी. मागे एक समाजनिधी, मोठी रुग्णालयं, विद्यापीठ, आणि भांडवल उभं करायला शहराचा हात. रुग्णालयांच्या चादरी हेच लक्ष्य होतं. तरीही क्लीव्हलँड क्लिनिक या प्रचंड रुग्णालयाने आपली धुलाई त्यांच्याकडे सोपवली ती २०१८ मध्ये. नऊ वर्षं! शहराचे प्रकल्प दोन वर्षांत "स्वावलंबी व्हा" म्हणतात तेव्हा मला ही नऊ वर्षं आठवतात.

तळघर:

जागेबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. उद्योगाला छप्पर लागतं, आणि भाडं दर वर्षी वाढतं.

शहराकडे रिकाम्या इमारती असतात. इंग्लंडमध्ये २००३ पासून एका ठरावीक मर्यादेपर्यंत स्थानिक परिषदांना जमीन किंवा इमारत बाजारभावापेक्षा कमी किमतीत देता येते, त्यातून त्या भागाचं सामाजिक किंवा आर्थिक भलं होणार असेल तर. कॅनडात टोरोंटोने आणखी वेगळं केलं. २०१० मध्ये सेंटर फॉर सोशल इनोव्हेशन या ना-नफा संस्थेला इमारत विकत घ्यायची होती. शहराने त्यांच्या कर्जाला हमी दिली, आणि उरलेल्या रकमेसाठी संस्थेने नागरिकांना रोखे विकले. शहराच्या तिजोरीतून त्या दिवशी काही गेलं नाही, पण हमी मागे आहे म्हटल्यावर कर्जाची वाट मोकळी झाली.

एक सावधगिरी मात्र अनुभवातून. आमच्या संस्थेला एक जुनी इमारत नाममात्र भाड्याने मिळाली होती. पहिल्या पावसाळ्यात छप्पर गळलं, नंतर तारा जळाल्या, आणि करारात लिहिलं होतं की दुरुस्ती भाडेकरूची. तीन वर्षांत आम्ही त्या "फुकट" इमारतीवर जेवढं घातलं तेवढ्यात बरी जागा भाड्याने मिळाली असती. इमारत देताना तिची तपासणी करून द्या, मोठी दुरुस्ती आधी करा, आणि करार निदान दहा वर्षांचा ठेवा. अकरा महिन्यांच्या करारावर कोणी यंत्र बसवत नाही.

निविदावाचक:

@तळघर, दहा वर्षांचा मुद्दा शंभर टक्के बरोबर.

प्रेस्टनचं उदाहरण राहून गेलं. इंग्लंडमधलं मध्यम आकाराचं शहर, हातात पैसा फारसा नाही. त्यांनी शहरातल्या मोठ्या सार्वजनिक संस्थांना एकत्र बसवून फक्त हे मोजलं की आपण खर्च करतो त्यातला किती शहरातच राहतो. २०१२-१३ मध्ये तो ५ टक्के होता, २०१६-१७ मध्ये १८.२ टक्के झाला. यात बरेच साधे स्थानिक व्यावसायिकही आहेत, सगळ्या संस्था नाहीत, हे ध्यानात ठेवावं. पण सुरुवात मोजण्यापासून झाली.

दिवाबत्ती:

पहिल्यांदाच लिहिते आहे. मी एका छोट्या शहराच्या सभागृहात निवडून आलेली सदस्य आहे. वर आलेले कायदे देशपातळीवरचे, ते माझ्या हातात नाहीत. नवीन निधी मागितला तर मिळणार नाही. मला उरलेल्या दोन वर्षांत एकच काहीतरी करता येईल असं धरा. काय करू?

ओसरी:

@दिवाबत्ती, तुम्ही हा प्रश्न विचारलात याचाच फार आनंद झाला.

गेल्या वर्षभरात निविदेशिवाय, फक्त दरपत्रकं मागवून झालेल्या छोट्या खरेद्यांची यादी मागवा. ती तुम्हाला सदस्य म्हणून मिळेल. त्यातली कामं दोन रंगांत खुणावा: जी दर महिन्याला परत परत होतात ती, आणि एकदाच झालेली. परत परत होणारी कामं संस्थांना झेपतात, कारण त्यांना माणूस नेमता येतो. मग तुमच्या शहरातल्या चार-पाच संस्थांना ती यादी दाखवा. सभागृह वगैरे नंतर. टोरोंटोने २०१६ मध्ये असाच छोट्या खरेदीपासून आरंभ केला. मागवायच्या तीन दरपत्रकांपैकी किमान एक वंचित गटांच्या पुरवठादाराकडून मागवायचं, एवढाच नियम. काम त्यालाच द्या असं त्यात नाही, विचारा एवढंच आहे. संस्थांना आजवर कोणी विचारलंच नसतं.

हिशेबनीस:

ओसरीताईंना जोडून: @दिवाबत्ती, काम देण्याआधी बिलाची वाट मोकळी करा. युरोपात सार्वजनिक संस्थांना साधारणपणे ३० दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर व्याज. न्यूयॉर्कमध्ये शहराच्या कराराचे पैसे अडकले की संस्थांना मधल्या काळापुरती बिनव्याजी रक्कम मिळते, करार सुटला की परत करायची. तुमच्याकडे असा निधी नसेल तर निदान हे करून घ्या: बिल जमा केल्याची तारीख असलेली पोच, काही त्रुटी असेल तर सात दिवसांत, एकाच वेळी, लेखी. दर खेपेला नवी त्रुटी काढायची नाही. आणि कामाच्या सुरुवातीला थोडी आगाऊ रक्कम. हे ठराव न करताही होऊ शकतं, मुख्य लेखा अधिकाऱ्याने मनावर घेतलं तर.

दिवाबत्ती:

पाच आठवड्यांनी परत आले. यादी मिळाली, दोन वेळा मागावी लागली. परत परत होणारी अकरा कामं सापडली. चार संस्थांना बोलावलं. एक आली नाही. एकीने यादी नीट वाचून सांगितलं, आम्हाला हे झेपणार नाही, आमचं काम मुलांना शिकवण्याचं आहे, ते सोडून आम्ही बागा कशा राखणार? मला ते उत्तर पटलं. उरलेल्या दोघींपैकी एक संस्था अपंग तरुणांबरोबर काम करते, त्यांनी दोन कार्यालयांच्या पडद्यांची आणि खुर्च्यांच्या कापडाची धुलाई व दुरुस्ती तीन महिन्यांसाठी करून बघायचं ठरवलं आहे. तिघांची दरपत्रकं आली, यांचं दुसऱ्या क्रमांकाचं होतं. पहिल्याने कापडाची दुरुस्ती धरलीच नव्हती, म्हणून काम यांना गेलं आणि तसं कारण फाइलमध्ये लिहिलं आहे.

लेखा अधिकारी आगाऊ रकमेला तयार नाहीत. पोच आणि सात दिवसांचं मात्र त्यांनी कबूल केलं.

@पायवाट, पगार विचारला. शहराच्या सफाई कामगाराच्या मूळ पगाराइतका आहे.

पायवाट:

विचारलंत, लिहिलंत. समाधान वाटलं.

ओसरी:

@दिवाबत्ती, कारण फाइलमध्ये लिहिलं हे फार बरं केलंत, निविदावाचकांना विचारा किती महत्त्वाचं आहे ते. सोबत करणारा माणूस किती तास लागतो, याची त्या संस्थेला पहिल्या दिवसापासून वही ठेवायला सांगा. तीन महिन्यांनी दुसरा रकाना मागायचा असेल तर तीच वही कामाला येईल. आगाऊ रक्कम नाही, म्हणजे पहिल्या महिन्याचा साबण आणि पगार ते कुठून भागवणार हे आजच विचारून घ्या.

आणि पहिलं बिल कोणत्या तारखेला जमा केलं आणि कोणत्या तारखेला पैसे आले, ते इथे जरूर लिहा. मी वाट बघते आहे.